उष्ण व कोरड्या मुलखांत शेवाळ आणि दगडफूल विरळ कां?

शेतकऱ्याची दृष्टि स्वभावतःच पीक, गवत आणि झाड यांजवर खिळलेली असते. ज्या वनस्पतीला मूळ नाहीं, फूल नाहीं, दाणा नाहीं आणि जी गुरांच्याही फारशी तोंडीं लागत नाहीं, तिच्या असण्यानसण्याचा विचार त्यानें कां करावा, असें कोणी विचारील. ह्याचें उत्तर असें कीं, शेवाळ व दगडफूल ह्या जमिनीच्या अगदीं वरच्या, बोटभर थराला धरून राहणाऱ्या वनस्पति होत. आणि आपल्या कमी पावसाच्या मुलखाचें बरेंवाईट ह्याच बोटभर थरावर अवलंबून आहे. तेथें हें पांघरूण कां धरत नाहीं व धरलें तर कां टिकत नाहीं, हें ज्याला समजलें, त्याला आपल्या माळाची माती दरसाल कां जाते हेंही बऱ्याच अंशीं समजलें. म्हणून ह्या अंकीं आम्हीं हा विषय घेतला आहे.

सातारा जिल्ह्याचेंच उदाहरण घेऊं. महाबळेश्वरास वर्षाकाठीं सुमारें ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे पाचगणीस येतां येतां तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. घाट उतरून वाईस आलें कीं हजार मिलिमीटरांच्याही आंत येतो. आणि माण तालुक्यांत दहिवडीच्या बाजूस जेमतेम ५०० मिलिमीटरांच्या आसपास राहतो. महाबळेश्वर ते दहिवडी हें अंतर सरळ रेषेनें शंभर किलोमीटरांच्या आंतलें आहे. परंतु एवढ्या अंतरांत वनस्पतींचें सर्व राज्य बदलून जातें. महाबळेश्वरीं जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड गालिचे दिसतात, त्यांतच नेचे व आमरी उगवतात, आणि जुन्या देवळांचे दगड हिरव्या व राखी पापुद्र्यांनीं झांकून गेलेले असतात. उलट माणच्या माळावर कुसळीच्या ठोंबांमध्यें उघडी माती व उघडा खडक; फार तर एखाद्या धोंड्यावर राखी किंवा पिवळसर ठिपका, आणि पावसाळ्यांत विहिरीच्या कांठास चार बोटें हिरवळ. हा फरक केवळ पावसाच्या आंकड्यांचा आहे, असें सकृद्दर्शनीं वाटतें. तें अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें सत्य काय, तें पुढें पाहूं.

शेवाळ व दगडफूल म्हणजे काय?

बोलण्यांत आपण तळ्यांतील हिरव्या तंतूंनाही शेवाळच म्हणतों. शास्त्रदृष्ट्या तीं शैवलें होत. येथें शेवाळ ह्या शब्दानें भिंतीवर, खडकावर व झाडांच्या सालीवर मखमलीसारखी जी वनस्पति वाढते ती समजावी. तिला बारीक देंठ व बारीक पानें असतात. परंतु तीं पानें बहुधा एकाच पेशीच्या जाडीचीं असतात. खरें मूळ तिला नसतेंच. जे केसासारखे तंतु असतात, त्यांचें मुख्य काम धरून ठेवण्याचें.

दगडफूल आपल्या सर्वांच्या घरांत आहे. गोड्या मसाल्यांत व काळ्या मसाल्यांत जें राखाडी, चुरगळलेल्या कागदासारखें द्रव्य घालतात तेंच हें; संस्कृतांत त्यास शैलेय म्हणतात. बाजारांत येणारा माल बव्हंशीं हिमालयाच्या उतारांवरून येतो. हें एक झाड नसून दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते व ओल धरून ठेवते. तिच्या आंत राहणारें शैवल सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें. ही गोष्ट स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनीं १८६७ सालीं प्रथम मांडली, तेव्हां अनेक विद्वानांनीं ती हंसण्यावारी नेली. आज ती सर्वमान्य आहे. पुढें २०१६ सालीं असेंही दिसून आलें कीं, कित्येक दगडफुलांच्या वरच्या सालींत आणखी एका जातीची बुरशी वस्तीस असते. दगडफुलाची वाढ फार मंद. खडकास चिकटून राहणाऱ्या जाति वर्षांतून एक मिलिमीटरही पसरत नाहींत. पानासारख्या जाति कांहीं मिलिमीटर पसरतात. तळहाताएवढें दगडफूल म्हणजे पुष्कळ वर्षांची कमाई होय, हें लक्षांत ठेवावें.

पाण्याचा रोखीचा व्यवहार

ज्वारीचें रोप मुळांनीं खालची ओल वर आणतें, देंठांतून पानांस पोंचवितें, आणि ऊन वाढलें कीं पानांचीं छिद्रें मिटून घेतें. म्हणजे त्याच्याजवळ विहीर आहे, पाट आहे आणि पाटाला दारही आहे. शेवाळाजवळ व दगडफुलाजवळ ह्यांतलें कांहींच नाहीं. अंगावर पडलेलें पाणी तीं सर्वांगानें शोषून घेतात व वारा लागला कीं सर्वांगानें गमावतात. भोंवतालची हवा ओली तर तीं ओलीं, हवा कोरडी तर तीं कोरडीं. ज्वारीचा व्यवहार सांठ्याचा, ह्यांचा व्यवहार रोखीचा.

तथापि ह्यांच्यांत एक विलक्षण सामर्थ्य आहे. ज्वारीचें रोप पुरें वाळलें तर तें मेलें. पुष्कळ शेवाळें व दगडफुलें मात्र कुरकुरीत वाळून महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात, आणि पाणी लागतांच थोड्याच वेळांत पुनः हिरवीं होतात. वाळवंटांतील सिंट्रिचिया नांवाच्या शेवाळाच्या पानांच्या टोंकांस पांढरे केंस असतात. त्या केंसांवर दंव व धुकें गोळा होऊन थेंब पानाकडे ओढला जातो, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें आहे. ह्याच जातीचें शेवाळ शून्याखालीं ८० अंश सेल्सिअस इतक्या थंडींत पांच वर्षें ठेवून नंतर वाढविलें असतां पुनः फुटलें, असें २०२४ सालीं जाहीर झालें.

मग प्रश्न असा उभा राहतो कीं, ज्या वनस्पति वाळून मरत नाहींत, त्यांनीं कोरड्या मुलखांत तर इतर झाडांपेक्षां अधिक माजावयास पाहिजे. तसें कां होत नाहीं?

जागें होण्याचा खर्च

ह्या प्रश्नाचें मुख्य उत्तर जमाखर्चांत आहे. वाळलेलें शेवाळ ओलें झालें कीं तें प्रथम आपल्या मोडक्या पेशी दुरुस्त करतें. त्यासाठीं सांठविलेलें अन्न जाळावें लागतें. हा खर्च पहिल्या घटकेसच होतो. त्यानंतर ओल टिकली व प्रकाश मिळाला तर तें नवें अन्न तयार करतें, खर्च भरून काढतें आणि वर कांहीं शिल्लक टाकतें. पण खर्च भरून निघण्यापूर्वींच ऊन लागून तें वाळलें, तर जमेकडे कांहीं नाहीं व नांवें मात्र रक्कम पडली. असें दहापांच वेळां घडलें कीं भांडवल संपतें आणि शेवाळ मरतें. तें तहानेनें मरत नाहीं. पुनःपुनः उठविल्यानें मरतें.

शेतकऱ्यास ही गोष्ट नवीन वाटूं नये. मृगाच्या एका हलक्या सरीवर बाजरी पेरली, ती उगवली आणि पुढें तीन आठवडे पाऊस नाहीं, तर काय होतें? कोरड्या मातींत पडून राहिलेलें बीं वांचतें, पण उगवलेलें बीं जातें, व दुबार पेरणी कपाळीं येते. शेवाळाची दुबार पेरणी दर हलक्या सरीबरोबर होत असते.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेंतील कोलोरॅडो पठार हा कोरडा मुलूख आहे. तेथें उन्हाळ्यांत जमिनीवर एका वेळीं केवळ १·२ मिलिमीटर, पण वारंवार, पाणी शिंपडण्याचा प्रयोग करण्यांत आला. त्याचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. पाणी जास्त मिळाल्यानें शेवाळ वाढावें, असें कोणासही वाटेल, घडलें उलट. शेवाळानें व्यापलेली जमीन शेंकडा २५ होती, ती एकाच हंगामांत शेंकडा २ च्याही खालीं आली. मोठी सर आली असती तर तें तगलें असतें. सर आली नसती तरीही तगलें असतें. लहान लहान सरींनीं त्याचा घात केला.

आपल्याकडील हवामान ह्या दृष्टीनें पाहावें. देशावर वैशाखांत वळवाची एखादी सर येते. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत जमीन पुनः तापते. आषाढांतही पूर्वेकडील तालुक्यांत पुष्कळ दिवस नुसते ढग व वारा असतो. भुरभुर येते, अंग ओलें होतें न होतें तोंच वाऱ्यानें वाळतें. ह्या सर्व सरींची बेरीज ५०० मिलिमीटर झाली, तरी शेवाळाच्या खात्यावर त्यांतील पुष्कळ सरी नांवेंच पडतात. महाबळेश्वरीं पाऊस अधिक आहे हें खरेंच. पण त्याहून महत्त्वाचें हें कीं, तेथें जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकें व ढग सहसा हटत नाहींत आणि एकदां ओलें झालेलें शेवाळ आठवडेच्या आठवडे ओलें राहून कमाई करीत असतें.

सुकी उष्णता व ओली उष्णता

दुसरें कारण उष्णतेचें. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लांगे यांनीं १९५३ सालीं दगडफुलांच्या उष्णता सोसण्याच्या शक्तीवर आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. पुरतें वाळलेलें दगडफूल अर्धा तास ७० अंशांची व कांहीं जाति त्याहूनही अधिक उष्णता सोसतें. परंतु तेंच दगडफूल ओलें असलें तर ४५ अंशांच्या आंतबाहेरच त्याचा जीव जातो. भाजलेला पापड व शिजलेली भाजी यांतला हा भेद आहे.

पुण्यास १९३२ सालीं कृषि-हवामानाची शाखा निघाली. तिचे प्रमुख डॉ. रामदास यांनीं काळ्या जमिनीच्या तापमानाचें मोजमाप करून दाखविलें कीं, उन्हाळ्याच्या दुपारीं उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो. अशा जमिनीवर वाळलेलें शेवाळ कदाचित् तग धरील. पण दुपारीं चारच्या सुमारास वळवाची सर येऊन गेली व ऊन पडलें, तर ओल्या अंगास बसणारा तो चटका त्यास बाधतो.

उष्णतेचा आणखी एक परिणाम रात्रीं होतो. ओलें शेवाळ अंधारांत अन्न तयार करीत नाहीं, पण श्वासोच्छ्वास चालूच असतो. आणि रात्र जितकी उबदार तितका तो खर्च अधिक. कोंकणपट्टींत पावसास तोटा नाहीं. तरीही घाटमाथ्यावरील शेवाळाचे जाड गालिचे तेथें किनाऱ्याकडे दिसत नाहींत, ह्याचें एक कारण हेंच. नारळी-पोफळींच्या खोडांवर तेथें दगडफुलाचे पातळ पांढरे पट्टे मात्र भरपूर असतात. तेव्हां ह्या वनस्पतींचें खरें माहेर म्हणजे जेथें ओल, मंद प्रकाश व गारवा हीं तिन्ही एकत्र नांदतात तें ठिकाण. उष्ण व कोरड्या मुलखांत तिन्हींपैकीं एकही पुरेसें नसतें.

वंशवृद्धीची अडचण

शेवाळाच्या नरपेशीस मादीपेशीपर्यंत पोहत जावें लागतें. वारा किंवा मधमाशी सामान्यतः तिच्या कामीं येत नाहीं. पानांवर पाण्याचा अखंड पापुद्रा असला तरच मीलन होतें. कोरड्या प्रदेशांत असा योग क्वचित् येत असल्यामुळें पुष्कळ शेवाळें तुकड्यांनींच पसरतात. दगडफुलाची अडचण निराळी. त्याच्या बुरशीचें बीजाणु उडून पडलें तरी जोडीदार शैवल तेथें भेटलें पाहिजे. ह्यास्तव ज्या माळावरून हीं एकदां नाहींशीं झालीं, तेथें तीं लवकर परतत नाहींत.

काळ्या जमिनीचा स्वभाव

चवथें कारण आपल्या दख्खनच्या जमिनींतच आहे. काळी जमीन पाणी पिऊन फुगते व वाळली म्हणजे भेगाळते. वरची माती भेगांत पडते आणि दरवर्षीं थर वरखालीं होतो. मंद वाढणाऱ्या वनस्पतीस स्थिर पाया पाहिजे. जी जमीन स्वतःच दरसाल कूस बदलते, व जिच्यावर शिवाय नांगर, कुळव, कोळपें फिरतें, तिच्यावर दगडफूल वस्तीस कसें येणार? म्हणून अशा मुलखांत शेवाळ शोधावयाचें तें शेतांत नव्हे. ताली, दगडी बांध, विहिरीचे थर, ओढ्याच्या दरडी व देवळांच्या भिंती येथें शोधावें. शेतांत पावसाळ्यापुरती रिक्सिया नांवाची हिरवी चकती ओल्या मातीस चिकटलेली दिसते. तिचा संसार ओल सरतांच आटपतो.

येथें एक सूक्ष्म गोष्ट सांगण्यासारखी आहे. धोंड्याच्या उत्तरेकडील अंगास हिरवळ अधिक असते, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेसच असतो. तेव्हां पावसाळ्याच्या आरंभीं उत्तरेस सावली असते असें नाहीं. परंतु पुढें, परतीचा पाऊस संपून दंव पडूं लागतें त्या दिवसांत, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व उत्तरेचें अंग सकाळीं उशिरापर्यंत ओलें राहतें. म्हणजे शेवाळाची खरी कमाई मुसळधारेच्या दिवसांपेक्षां त्यानंतरच्या ओलाव्याच्या टिकण्यावर ठरते.

पावसाचा आंकडा फसवा कसा?

आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर नामिब नांवाचें वाळवंट आहे. समुद्राकांठीं तेथें वर्षांतून २० मिलिमीटरही पाऊस पडत नाहीं; तरी मैलच्या मैल जमीन दगडफुलांनीं व्यापलेली आहे. कारण समुद्रावरून येणारें थंड धुकें. दक्षिण अमेरिकेंतील आटाकामा वाळवंटाच्या किनाऱ्यासही हाच प्रकार आढळतो. इस्रायलमधील नेगेव वाळवंटांत झुडपासारखें एक दगडफूल रात्रीं दंव पितें, उजाडल्यावर कांहीं तास अन्न करतें, आणि ऊन चढण्यापूर्वीं वाळून स्वस्थ बसतें.

आपल्या देशांत राजस्थान पाहावा. जेसलमेरकडील थरच्या वाळूंत ह्या वनस्पति फारच थोड्या. पण त्याच राजस्थानांत अबूचा पहाड, ज्याचें शिखर १,७२२ मीटर उंच आहे, शेवाळांनीं व दगडफुलांनीं समृद्ध आहे. ह्यावरून सिद्धांत असा निघतो कीं, केवळ कोरडेपणा हें विरळतेचें कारण नसून, उष्णतेच्या वेळीं येणारी, थोडी व न टिकणारी ओल हें कारण होय. जेथें ओल थंड वेळीं येते तेथें थोडीही पुरते. जेथें ती तापलेल्या वेळीं येते तेथें पुष्कळही वायां जाते.

मात्र एक सावधगिरी ठेवावी. दगडफूल दिसलें नाहीं म्हणजे कोरडेपणाच आहे, असें समजूं नये. धुरानेंही तें मरतें. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानांत दगडफुलें हवेच्या शुद्धतेचें माप दाखवितात, असें विल्यम नायलांडर यांनीं १८६६ सालींच लिहून ठेवलें. गांवाजवळ वीटभट्ट्या किंवा धुराडीं असतील तर हें कारणही तपासावें.

शेतकऱ्याचा ह्यांत संबंध काय?

शेवाळ, दगडफूल, निळीं-हिरवीं शैवलें आणि बुरशीचे तंतु मिळून उघड्या जमिनीवर एक सजीव कातडी तयार होते. पृथ्वीच्या एकूण जमिनीपैकीं सुमारें शेंकडा १२ भाग अशा कातडीनें झांकलेला आहे, असा अंदाज २०१८ सालीं करण्यांत आला. आणि ही कातडी नसती तर आज उडते त्याहून कितीतरी अधिक धूळ हवेंत गेली असती, असें त्याच मंडळींच्या २०२२ सालच्या संशोधनांत दिसून आलें. मातीचे कण ती तंतूंनीं शिवून ठेवते. थेंबाचा मार स्वतःच्या अंगावर घेते. तींतील कांहीं शैवलें हवेंतील नत्र मातींत आणतात. भातखाचरांत हीं शैवलें नत्र स्थिर करतात, हें १९३९ सालीं पी. के. डे यांनीं दाखविलें. आणि उत्तर हिंदुस्थानांतील ऊसर जमिनी ह्यांच्या साहाय्यानें सुधारण्याचे प्रयोग आर. एन. सिंग यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केले.

पाण्याच्या बाबतींत मात्र अतिशयोक्ति करूं नये. खडबडीत कातडी पाणी अडवून मुरविते. गुळगुळीत कातडी तें खालीं वाहूं देते. नेगेवमधील प्राचीन शेतकऱ्यांनीं ह्याच वाहत्या पाण्यावर डोंगराच्या पायथ्याचीं शेतें पिकविलीं. म्हणजे पाणी ती कोठें ठेवील हें जागेवर अवलंबून. माती मात्र ती बहुधा जागच्या जागीं ठेवते. आपल्याकडे सोलापूरच्या कोरडवाहू शेतीच्या केंद्रावर, तें १९३३ सालीं सुरू झाल्यापासून, उताराच्या जमिनीवरून किती पाणी व किती माती वाहून जाते ह्याचें मोजमाप झालें. १९७२ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांतून बांधबंदिस्तीचीं कामें मोठ्या प्रमाणावर निघालीं. बांध वाहत आलेली माती अडवितो. ती मुळांत सुटूं नये ह्याची व्यवस्था मात्र जमिनीच्या पांघरुणानेंच होते. म्हणून बांध व पांघरूण हीं एकमेकांचीं पूरक होत.

हें पांघरूण परत आणतां येतें काय? येतें, पण धीर पाहिजे. चीनमधील टेंगर वाळवंटांत शापोतू येथें लोहमार्ग वाळूखालीं जाऊं नये म्हणून १९५६ पासून जमिनींत गवताच्या काड्या खोंचून सुमारें एक मीटरचे चौकोन पाडण्यांत आले व त्यांत काटक झुडपें लावलीं. काड्यांनीं वारा अडला, वाळू थांबली, पृष्ठभागास बारीक माती बसली. प्रथम शैवलें आलीं व पुढें कित्येक वर्षांनीं शेवाळ आणि दगडफूल आलें. शेवाळ कोणी आणून लावलें नाहीं. जमीन हलावयाची थांबली, तेव्हां तें आपोआप आलें.

वाचकांस कांहीं सूचना

(१) पापुद्रा व कातडी यांतला भेद ओळखावा. पेरलेल्या शेतांत जोराच्या पावसानें माती दबून जो कठीण पापुद्रा धरतो तो निर्जीव असतो. त्याखालून कोंब वर येत नाहीं व तो कोळपून मोडलाच पाहिजे. येथें सांगितलेली सजीव कातडी पडीक माळ, बांध, ताली व गायरान येथली होय. शेतांत शेवाळ वाढवावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं.

(२) माळास वणवा लावूं नये. जाळल्यानें नवें गवत लुसलुशीत येतें ही समजूत दृढ आहे; परंतु त्या आगींत गवताच्या पाचोळ्याबरोबर मातीची ही शिवणही जळते.

(३) चराई पाळीपाळीनें करावी. कोरडी कातडी खुरांखालीं काचेसारखी मोडते, व मोडलेली भरून येण्यास कित्येक वर्षें, कधीं कित्येक दशकें लागतात. मेंढरांवर ज्यांचें पोट आहे त्यांना माळ बंद करा म्हणणें हा न्याय नव्हे, व शेतांत मेंढ्या बसविण्याचा लाभ आपण सर्वजण जाणतों. पण गायरानाचे तीन भाग करून एक भाग आळीपाळीनें मोकळा ठेवणें हें गांवकऱ्यांच्या व मेंढपाळांच्या विचारें होण्यासारखें आहे. विशेषतः तीव्र उताराच्या जागा उन्हाळ्यांत राखाव्या.

(४) बांधाच्या उतारावर व तालींच्या माथ्यावर तुराट्या, सरमाड किंवा गवताचा पाचोळा पसरून ठेवावा. त्यानें जमीन कमी तापते व ओल अधिक वेळ टिकते. आणि वर सांगितल्याप्रमाणें ओलीचें टिकणें हेंच सर्वांचें मूळ आहे.

(५) आंब्याच्या खोडावरील दगडफूल खरवडण्याची घाई करूं नये. तें झाडाचा रस पीत नाहीं. साल ही त्याची केवळ बैठक आहे. झाड म्हातारें किंवा अशक्त झालें, पालवी विरळ झाली, म्हणजे फांदीवर प्रकाश पडून दगडफूल वाढतें. तें अशक्तपणाचें कारण नसून खूण आहे. पानांवर तांबूस मखमली ठिपके पाडणारा तांबेरा मात्र निराळा. तें परोपजीवी शैवल असून त्याचा बंदोबस्त केला पाहिजे.

अभ्यासासाठीं निरीक्षणें

ज्यांस हा विषय स्वतः पडताळून पाहावयाचा असेल त्यांनीं येत्या वर्षांत पुढील गोष्टी टिपून ठेवाव्या. आपल्या शिवारांत शेवाळ कोणकोणत्या जागीं आहे व त्या जागेचें तोंड कोणत्या दिशेस आहे. पहिल्या पावसानंतर तें किती दिवसांनीं हिरवें होतें आणि परतीच्या पावसानंतर किती दिवस हिरवें राहतें. मार्गशीर्षांत सूर्योदयापूर्वीं तें ओलें असतें काय, आणि किती वाजतां वाळतें. एका ठळक धोंड्यावरील दगडफुलाच्या कडेस खूण करून ती दरवर्षीं त्याच दिवशीं मोजावी. शेवटीं, माळाचा चार हात लांब-रुंद तुकडा कांटेरी कुंपणानें बंद करून त्यावर पाचोळा पसरावा, आणि शेजारचा तेवढाच तुकडा उघडा ठेवून दोहोंची तुलना तीन पावसाळे करावी. एका वर्षानें कांहीं दिसलें नाहीं म्हणून कुंपण मोडूं नये. ह्या वनस्पतींचें पंचांग आपल्या पंचांगाहून सावकाश चालतें.

सारांश

उष्ण व कोरड्या मुलखांत शेवाळ व दगडफूल विरळ असतें तें केवळ पाणी कमी म्हणून नव्हे. मिळणारी ओल टिकत नाहीं, ती ऐन उष्णतेंत येते, तिच्यासाठीं करावा लागणारा खर्च भरून निघत नाहीं, वंशवृद्धीस संधि मिळत नाहीं, आणि जमीन स्थिर राहत नाहीं. हीं सर्व कारणें एकवटतात. ह्यांपैकीं ऊन व पाऊस आपल्या हातीं नाहींत. सावली, पाचोळा, आग, खूर व नांगर हीं पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहेत. ज्या माळावर एका सरीची ओल एक प्रहर अधिक टिकेल, त्या माळावर आधीं शेवाळ येईल, मग गवत दाट होईल, आणि खालच्या शेताची माती खालच्याच शेतांत राहील. तेवढा एक प्रहर मिळवून देणें हें प्रत्येक शेतकऱ्यास आपापल्या बांधावर साधण्यासारखें आहे.